विश्लेषण : जीआय पाइपमधला ‘जी’, बेडकाचा पाय आणि मण्यारीचे विष... चेतापेशीतील विजेचा माग काढणारे लुईजी गॅल्व्हानी कोण होते?

पावसाळ्यात भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील भातखाचरे पाण्याने भरतात आणि बेडकांचा आवाज सुरू होतो. याच दिवसांत बेडूक-उंदरांच्या मागे साप वस्तीजवळ येतात. त्यांतील मण्यार रात्री फिरते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती चावली तर अनेकदा वेदनाही होत नाहीत. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वास मंदावतो. स्नायू शाबूत असतात, मेंदूही शाबूत असतो. तरीही छाती हलत नाही, कारण मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नाही. हा निरोप मुळात विजेचा असतो, हे अठराव्या शतकात इटलीतील एका डॉक्टरांनी बेडकाच्याच पायावरून ताडले. त्या शोधासाठी त्यांना आयुष्याची शेवटची वर्षे वादात घालवावी लागली आणि अखेरीस वेगळ्याच कारणाने नोकरीही गमवावी लागली.

रोजच्या वापरातले नाव

लुईजी गॅल्व्हानी हे नाव अनेकांना शाळेतल्या गॅल्व्हानोमीटरमुळे आठवते. पण ते त्याहून जास्त वापरात आहे. भोरच्या बाजारपेठेतील हार्डवेअरच्या दुकानात ‘जीआय पाइप’, ‘जीआय तार’ मागितली जाते. त्यातला ‘जी’ म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. वेल्ह्यातील गोठ्यांवर आणि घरांवर जो जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा दिसतो, तोही याच नावाचा. गंमत अशी की, लोखंडावर जस्त चढवण्याचा शोध गॅल्व्हानी यांनी लावलेला नाही. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की वीज निर्माण होते, हे तत्त्व या पत्र्यामागे आहे. पत्र्याला ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. हे तत्त्व ओळखले ते गॅल्व्हानी यांचे प्रतिस्पर्धी आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी. गॅल्व्हानी यांचा खरा शोध पत्र्यात नाही, तो पत्र्याखाली राहणाऱ्या माणसांच्या आणि जनावरांच्या शरीरात आहे.

संन्यासाऐवजी वैद्यकी

गॅल्व्हानी यांचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्या येथे झाला. वडील सोनार होते. तरुणपणी त्यांचा ओढा धार्मिक जीवनाकडे होता, पण घरच्यांच्या आग्रहाने ते वैद्यकशास्त्राकडे वळले. १७५९ मध्ये बोलोन्या विद्यापीठाची पदवी त्यांनी मिळवली. १७६२ मध्ये त्यांचा विवाह ल्युसिया गालेआत्सी यांच्याशी झाला. ल्युसिया यांचे वडील शरीररचनाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. घरातच विद्येचे वातावरण मिळालेल्या ल्युसिया पतीच्या प्रयोगांत सहभागी असत.

गॅल्व्हानी यांनी सुरुवातीला पक्ष्यांचे मूत्रपिंड आणि कान यांचा अभ्यास केला. शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र ते शिकवत. त्यांचा स्वभाव शांत आणि श्रद्धाळू होता. वादविवादाची त्यांना आवड नव्हती. पुढे युरोपातल्या सर्वांत गाजलेल्या वैज्ञानिक वादांपैकी एक त्यांच्याच नावाने ओळखला जाणार होता.

बेडकाचा पाय का हलला?

त्या काळी घर्षणाने वीज निर्माण करणारी यंत्रे आणि ती साठवणारी लायडन बरणी हे नवे आकर्षण होते. चेतातंतूंमधून काहीतरी वाहते, हे वैद्यांना मान्य होते. पण ते काय, यावर एकमत नव्हते. कोणी त्याला सूक्ष्म द्रव म्हणे, कोणी प्राणवायूसारखे काही. ती वीज असावी, असेही काहींना वाटे. मात्र त्यावर आक्षेप होता. शरीर आतून ओले आहे आणि ओल्या वस्तूतून वीज सगळीकडे पसरते, मग ती एकाच चेतातंतूत कशी टिकेल?

१७८० च्या सुमारास गॅल्व्हानी यांनी बेडकांवर प्रयोग सुरू केले. मागचे दोन पाय, त्यांचे चेतातंतू आणि पाठीच्या कण्याचा थोडा भाग एवढेच ठेवून बाकीचे शरीर वेगळे केले जाई. जानेवारी १७८१ मध्ये एका सहकाऱ्याने अशा बेडकाच्या चेतातंतूला शस्त्राचे टोक लावले. त्याच क्षणी जवळच्या विद्युत यंत्रातून ठिणगी उडाली आणि मेलेल्या बेडकाचे पाय जोराने आखडले. यंत्र आणि बेडूक यांच्यात कुठलाही थेट जोड नव्हता.

हा योगायोग म्हणून त्यांनी सोडून दिला नाही. यंत्राचे अंतर, शस्त्राची मूठ, तारेची लांबी असे एकेक बदलत त्यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केले. आकाशातील विजेनेही तेच होते का, हे पाहण्यासाठी त्यांनी वादळात घराच्या गच्चीवर बेडकांचे पाय तारेला जोडून ठेवले. वीज चमकली की पाय आखडत. मग १७८६ मध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. पितळी आकड्यात अडकवलेले बेडूक गच्चीच्या लोखंडी कठड्याला टेकवले, तर आकाश निरभ्र असतानाही पाय हलत. बंद खोलीत लोखंडी पाटीवर तेच केले, तरी परिणाम तोच. बाहेरची वीज कुठेच नव्हती. मग ती आली कुठून?

गॅल्व्हानी यांचे उत्तर होते, बेडकाच्या शरीरातून. स्नायू हा लायडन बरणीसारखा आहे, त्याच्या आत आणि बाहेर विरुद्ध प्रभार साठलेले असतात आणि चेतातंतू हा त्या बरणीतून बाहेर येणारा वाहक आहे, अशी कल्पना त्यांनी मांडली. चेतातंतूभोवतीचे स्निग्ध आवरण वीज बाहेर पसरू देत नसावे, असाही तर्क त्यांनी केला. ओल्या शरीराबाबतच्या जुन्या आक्षेपाला हे उत्तर होते. दहा वर्षांहून अधिक काळाचे हे काम १७९१ मध्ये बोलोन्याच्या अकादमीने लॅटिन भाषेत प्रसिद्ध केले. ते पाहायला ल्युसिया मात्र हयात नव्हत्या.

व्होल्टा यांचा आक्षेप काय होता?

पाविया विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक व्होल्टा यांनी १७९२ मध्ये हे प्रयोग स्वतः करून पाहिले. सुरुवातीला ते प्रभावित झाले. नंतर त्यांना एक गोष्ट खटकली. दोन वेगवेगळे धातू वापरले की पाय जोरात हलतो. एकाच धातूने परिणाम फारच कमी होतो. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, वीज बेडकात नाही, ती दोन धातूंच्या संपर्कातून येते. बेडकाचा पाय हे केवळ वीज दाखवणारे नाजूक उपकरण आहे.

आक्षेप बिनतोड वाटत होता. गॅल्व्हानी यांच्यापुढे एकच मार्ग होता, धातूच वगळून प्रयोग करणे. १७९४ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या लेखनात तसा प्रयोग मांडला गेला. बेडकाच्या चेतातंतूचे कापलेले टोक त्याच्याच स्नायूला टेकवले आणि पाय आखडला. व्होल्टा यांनी तरीही मानले नाही. दोन वेगळ्या प्रकारचे ओले पदार्थ भेटले तरी वीज निर्माण होत असेल, असे त्यांचे म्हणणे पडले.

मग १७९७ मध्ये गॅल्व्हानी यांनी शेवटचा पुरावा दिला. दोन पायांचे दोन चेतातंतू घेतले आणि एकाचे कापलेले टोक दुसऱ्याच्या अखंड भागावर टेकवले. पदार्थ एकच, धातू नाही. तरीही पाय हलला. सजीव ऊतीची स्वतःची वीज असते, याचा हा स्पष्ट पुरावा होता. चेतातंतू कापला की त्याचा आतला भाग उघडा पडतो. आत आणि बाहेर विद्युत दाबात फरक असल्यामुळे ते टोक छोट्या बॅटरीसारखे वागते आणि दुसऱ्या चेतातंतूला चेतवते. हे स्पष्टीकरण द्यायला विज्ञानाला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

शपथ का नाकारली?

प्रयोग पूर्ण झाला तेव्हा गॅल्व्हानी साठीत होते आणि त्यांच्या शहरातील राज्य बदलले होते. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा उत्तर इटलीत शिरल्या. बोलोन्या नव्या सिसाल्पाइन प्रजासत्ताकात गेले. सर्व प्राध्यापकांनी नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी, असा आदेश निघाला. शपथ आपल्या धर्मश्रद्धेशी विसंगत आहे, म्हणून गॅल्व्हानी यांनी ती घेतली नाही. एप्रिल १७९८ मध्ये त्यांची पदे आणि वेतन गेले. ज्या विद्यापीठात आयुष्य काढले, तेथून बाहेर पडून ते भावाच्या घरी राहू लागले. त्यांची कीर्ती पाहून शपथेविना पद परत देण्याचा निर्णय पुढे झाला. पण त्याचा लाभ त्यांना मिळाला नाही. ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. बोलोन्यातील चर्चमध्ये ल्युसिया यांच्या शेजारी त्यांचे दफन झाले.

त्यानंतर दीडच वर्षात वादाचा निकाल व्होल्टा यांच्या बाजूने लागल्यासारखे झाले. २० मार्च १८०० रोजी व्होल्टा यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून नव्या उपकरणाची माहिती दिली. जस्त आणि चांदीच्या चकत्या एकाआड एक रचायच्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवायचा. ही जगातील पहिली बॅटरी. त्याच्या आठवडाभर आधी, १३ मार्चला, पुण्यात नाना फडणवीसांचे निधन झाले होते. मराठी राज्याचा आधार ढासळत होता, त्याच आठवड्यात पुढच्या शतकाला चालवणारी वीज जन्माला येत होती. १८०१ मध्ये व्होल्टा यांनी पॅरिसमध्ये नेपोलियनपुढे प्रयोग करून दाखवले. पुढे त्यांना सरदारकीही मिळाली.

गॅल्व्हानी यांच्या भाच्याने मात्र मामांचा विषय सोडला नाही. ज्योव्हानी आल्दिनी हे त्यांचे नाव. १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या गुन्हेगाराच्या शवाला विजेचे झटके देऊन त्यांनी चेहरा आणि हात हलवून दाखवले. या तमाशाने विषय गाजला, पण त्याची वैज्ञानिक प्रतिष्ठा वाढली नाही.

मग बरोबर कोण होते?

दोघेही. दोन धातूंतून वीज मिळते, हे व्होल्टा यांचे म्हणणे खरे होते. गच्चीवरच्या कठड्याजवळ पाय हलला तो पितळ आणि लोखंडामुळेच. पण सजीवाची स्वतःची वीज असते, हे गॅल्व्हानी यांचे म्हणणेही खरे होते. १८४० च्या दशकात इटलीत कार्लो मात्तेउच्ची आणि जर्मनीत एमिल दु ब्वा-रेमाँ यांनी संवेदनशील उपकरणांनी ती मोजली. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतातंतूत संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला साधारण तीस मीटर निघाला. तारेतील विजेच्या तुलनेत हा वेग फारच कमी आहे. म्हणजे चेतातंतू ही साधी तार नव्हती. आत वेगळेच काही घडत होते.

१९०२ मध्ये युलियस बर्नस्टाइन यांनी पेशीपटलाचा सिद्धांत मांडला. त्यानंतर अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी समुद्रातील स्क्विड या माखलीच्या जातभाईच्या जाड चेतातंतूत विद्युतवाहक घालून आतला दाब थेट मोजला. हा तंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे हे शक्य झाले. १९५२ मध्ये त्यांनी संपूर्ण प्रक्रिया गणिताने मांडली. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गॅल्व्हानी यांची आत-बाहेर विरुद्ध प्रभार असलेली बरणी अखेर सापडली. ती म्हणजे पेशीपटल.

चेतापेशीत वीज कशी निर्माण होते?

विश्रांत अवस्थेत चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. पेशीबाहेर सोडियमचे आयन जास्त असतात, आत पोटॅशियमचे. हा फरक पेशीपटलातील प्रथिनांचा एक पंप राखतो. तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यासाठी सतत ऊर्जा खर्च होते.

पटलात सोडियम आणि पोटॅशियमसाठी स्वतंत्र दरवाजे असतात. ते कसे चालतात, हे समजण्यासाठी भोरजवळच्या भाटघर धरणाचे उदाहरण घेता येईल. वेळवंडी नदीवरील या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. चेतापेशीतही तसेच होते. शेजारून आलेल्या संदेशाने आतला दाब उणे ७० वरून उणे ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला की सोडियमचे दरवाजे उघडतात. सोडियम आत घुसतो, आतला भाग धन होतो, त्यामुळे आणखी दरवाजे उघडतात. क्षणात दाब अधिक ३० ते ४० मिलिव्होल्टपर्यंत चढतो. पातळी गाठली नाही तर काहीच होत नाही. गाठली तर पूर्ण आवेग उठतो. अर्धवट आवेग नसतो. हा धक्का तंतूच्या पुढच्या भागातील दरवाजे उघडतो आणि संदेश पुढे सरकतो.

पेशी पूर्वपदावर कशी येते?

धरणाच्या उदाहरणाची मर्यादा येथे येते. सोडियमचे दरवाजे साधारण एका मिलिसेकंदात बंद होतात आणि काही क्षण कुलूपबंद राहतात. कितीही जोराचा धक्का दिला तरी ते उघडत नाहीत. त्याच वेळी थोडे उशिरा उघडणारे पोटॅशियमचे दरवाजे काम सुरू करतात. पोटॅशियम बाहेर जातो आणि आतला भाग पुन्हा ऋण होतो. काही क्षण तो नेहमीपेक्षाही जास्त ऋण राहतो, मग मूळ पातळीवर येतो.

ही सक्तीची विश्रांती दोष नाही, गरज आहे. नुकताच चेतलेला मागचा भाग कुलूपबंद असल्यामुळे संदेश मागे फिरत नाही, पुढेच जातो. एकामागून एक येणारे आवेग एकमेकांत मिसळत नाहीत. एका आवेगात प्रत्यक्ष आत-बाहेर झालेल्या आयनांची संख्या एकूण साठ्याच्या मानाने अगदी अल्प असते. त्यामुळे दाब पूर्ववत व्हायला पंपाची वाट पाहावी लागत नाही. दरवाजेच ते काम करतात. पंप मागाहून हिशेब पुरा करतो. मात्र पंप बराच काळ बंद पडला तर साठा संपतो आणि पेशी मूक होते. मेंदूला काही मिनिटेही प्राणवायूविना राहता येत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच.

मण्यार आणि विंचू नेमका घाव कुठे घालतात?

चेतातंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो. मधल्या सूक्ष्म फटीत अॅसिटिलकोलिन हे रसायन सोडून तो निरोप पोहोचवतो. मण्यारीचे विष तंतूच्या याच शेवटच्या टोकावर हल्ला करते. विजेचा आवेग टोकापर्यंत येतो, पण रसायन सुटत नाही. पुढे ती टोकेच नष्ट होतात. नागाचे विष प्रामुख्याने स्नायूच्या बाजूची रसायन स्वीकारणारी जागा अडवते. परिणाम दोन्हीकडे सारखा दिसतो. पापण्या पडतात, गिळणे थांबते, श्वासाचे स्नायू सैल होतात.

लाल विंचवाचे विष याच्या उलट वागते. ते सोडियमचे दरवाजे नीट बंद होऊ देत नाही. चेतातंतूंना विश्रांती मिळत नाही, आवेगांचा मारा सुरू राहतो आणि त्याचा ताण हृदयावर येतो. भोरहून वरंध घाट उतरल्यावर लागणाऱ्या महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांसाठी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला आणि त्याने असंख्य जीव वाचले.

मण्यारीच्या बाबतीत वेळेचे महत्त्व याच यंत्रणेतून कळते. प्रतिसर्पविष रक्तात फिरणारे विष निकामी करते. पण नष्ट झालेली टोके ते परत आणू शकत नाही. ती पुन्हा वाढायला काही दिवस लागतात. तोवर रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. तो चालू राहिला, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणून चावल्याची खूण दिसत नसली, तरी रात्री जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीच्या पापण्या सकाळी जड झाल्या किंवा अकारण पोट दुखू लागले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट रुग्णालय गाठावे. जखम कापणे, विष चोखणे, घट्ट दोरी बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यात हातची वेळ जाते. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हा सर्वांत सोपा बचाव आहे.

रुग्णालयात आज चेतातंतूंची तपासणी करताना मनगटावर विजेचा हलका झटका देतात आणि बोटाचा स्नायू हलतो का, किती वेळाने हलतो, हे पडद्यावर पाहतात. बोलोन्यातील त्या खोलीत बेडकावर जे केले गेले, तेच हे. फरक इतकाच की, पाय का हलला याचे उत्तर आता डॉक्टरांना ठाऊक असते. गॅल्व्हानी यांना ते पूर्ण कळले नव्हते. वीज सजीवाच्या आतच आहे, या निष्कर्षावर मात्र ते पद, वेतन आणि विद्यापीठ गेल्यावरही ठाम होते.